युद्धगीतांतील निवेदक : हेवी मेटलच्या गीतकारांच्या शैलीविषयी काही विचार

१

गीताला कविता मानावे की नाही, हा वाद मराठीत खरे तर उपस्थितच होऊ नये. ओवी, अभंग, लावणी, पोवाडा हे आपले सारे जुने रचनाप्रकार गाण्यासाठी किंवा म्हणण्यासाठीच जन्मले आहेत. तरीही आपल्या पदव्युत्तर वर्गांत 'गीत' हा शब्द उच्चारताना सूर किंचित खाली येतो. २०१६ साली बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर हा संकोच काहीसा ओसरला. पण तो ओसरला तो ज्यातील शब्द स्पष्ट ऐकू येतात अशा गीतापुरताच. ज्या संगीतात शब्द गोंगाटाखाली दडपले जातात अशी सार्वत्रिक समजूत आहे, त्या हेवी मेटलच्या गीतांकडे वाङ्मयाचा अभ्यासक म्हणून पाहण्याची गरज आपल्याकडे अद्याप फारशी कोणाला वाटलेली नाही. आपल्या विद्यार्थ्यांना मात्र ही गीते परकी नाहीत. आयर्न मेडन हा ब्रिटिश बँड १७ मार्च २००७ रोजी बंगळूरमध्ये आणि १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वाजला, तेव्हा श्रोते त्याची गीते तोंडपाठ म्हणत होते. जे तोंडपाठ होते ते तपासून पाहणे हे आपले कामच आहे.

या गीतांविषयी दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की ती सर्व एकसारखीच असतात : मृत्यू, सैतान, युद्ध, वेड यांपलीकडे त्यांत काही नसते. दुसरा आक्षेप असा की त्यांतील शब्द संगीतापासून वेगळे काढले तर हाती काहीच उरत नाही. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, परंतु ते पोवाड्यालाही तितकेच लागू आहे. डफ आणि तुणतुणे वजा करून पोवाडा वाचणारा वाचकही अर्धाच पोवाडा वाचत असतो. पहिला आक्षेप मात्र मुळातच चुकीचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विषय समान असणे म्हणजे शैली समान असणे नव्हे. उलट विषय समान असेल तेव्हाच शैलीभेद स्पष्टपणे दिसतो.

म्हणून येथे युद्ध हा एकच विषय घेऊन गीझर बटलर, स्टीव्ह हॅरिस, जेम्स हेटफील्ड, लेमी आणि जेफ हॅनमन या पाच गीतकारांचा विचार करावयाचा आहे. या गीतकारांतील खरा भेद शब्दसंग्रहात किंवा प्रतिमांत नसून निवेदकाच्या स्थानात आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. युद्धाविषयी कोण बोलतो, कोठून बोलतो आणि कोणाशी बोलतो, हे तीन प्रश्न विचारले की या गीतांतील सारखेपणा गळून पडतो.

२

या संगीताचा गंभीर अभ्यास पाश्चात्त्य विद्यापीठांत १९९० नंतर सुरू झाला. डीना वाइनस्टाइन यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेवी मेटलच्या गीतांतील आशयाची दोन गटांत विभागणी केली : देहसुखाचा उत्सव मांडणारी उन्मादाची सूत्रे आणि मृत्यू, विनाश, युद्ध यांची अराजकाची सूत्रे. रॉबर्ट वॉल्सर यांचा १९९३ चा ग्रंथ या संगीताच्या स्वररचनेचा आणि त्यामागील सत्तासंबंधांचा वेध घेतो. दोन्ही ग्रंथांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु आशयसूत्रांच्या वर्गीकरणाची एक अंगभूत मर्यादा असते. त्यात बटलर आणि हॅनमन एकाच कप्प्यात जाऊन बसतात. कारण दोघेही विनाशाविषयी लिहितात. दोघांची गीते लागोपाठ ऐकणाऱ्या कोणालाही ती एका जातीची वाटणार नाहीत.

आपल्या परंपरेतील रसविचार येथे अधिक उपयोगी पडेल असे प्रथमदर्शनी वाटते. बटलरच्या ठायी रौद्र, हॅरिसच्या ठायी वीर, हेटफील्डच्या ठायी भयानक, लेमीच्या ठायी करुण आणि हॅनमनच्या ठायी बीभत्स, अशी मांडणी सहज करता येते आणि ती दिसतेही देखणी. पण रस श्रोत्याच्या मनात काय निष्पन्न झाले ते सांगतो; ते कोणत्या रचनेने निष्पन्न झाले हे सांगण्यासाठी पुन्हा शब्दांकडेच वळावे लागते.

३

ब्लॅक सॅबथ हा बर्मिंगहॅम शहरातील बँड. त्याची गीते ओझी ऑझबर्न गात असे, त्यामुळे ती त्याचीच असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेकांचे शब्द बेस गिटार वाजवणाऱ्या गीझर बटलरचे आहेत. १९७० साली 'पॅरनॉइड' या संग्रहात आलेले 'वॉर पिग्ज' हे त्याचे गीत व्हिएतनाम युद्धाच्या काळातील आहे. युद्ध पुकारणारे सेनानी आणि राजकारणी हेच खरे सैतानाचे उपासक, ही त्याची मध्यवर्ती कल्पना.

या गीतात 'मी' नाही. सारे गीत तृतीयपुरुषी अनेकवचनात चालते : 'ते' जमतात, 'ते' कट करतात, 'ते' लपून बसतात आणि गरिबांना पुढे पाठवतात. निवेदक या साऱ्यांच्या बाहेर आणि वर उभा आहे. त्याची भूमिका धर्मपीठावरून बोलणाऱ्या उपदेशकाची आहे, आणि म्हणूनच गीताचा शेवट अंतिम न्यायाच्या दिवशी होतो. सेनानी गुडघ्यांवर येतात, दयेची याचना करतात, आणि सैतान हसत पंख पसरतो. कॅथलिक संस्कारांत वाढलेल्या बटलरच्या लेखणीत सैतान हा उपास्य नसून पाप्याची वाट पाहणारा आहे. ज्यांनी या गीताला सैतानपूजेचे गीत ठरवले, त्यांनी एक अत्यंत पारंपरिक ख्रिस्ती प्रवचन ओळखले नाही, असेच म्हणावे लागते.

या गीताच्या आरंभी 'मॅसेस' हा शब्द दोन ओळींच्या शेवटी दोनदा येतो. शब्दाचे त्याच शब्दाशी यमक जुळवले म्हणून बटलरची थट्टा झाली आहे. परंतु पहिल्या ठिकाणी त्याचा अर्थ जमाव असा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी धर्मविधी असा. तेच वर्ण, तोच क्रम आणि भिन्न अर्थ : संस्कृत अलंकारशास्त्राने यमकाचे जे लक्षण सांगितले आहे, ते हेच. मराठीत आपण यमक हा शब्द केवळ अंत्य प्रासासाठी वापरू लागलो, त्यामुळे या मूळ लक्षणाचा आपल्यालाही विसर पडला आहे. शिवाय हे यमक शोभेपुरते नाही. सेनानींचा जमाव आणि चेटकिणींचा विधी एकच आहेत, हे गीताचे सारे प्रमेय त्या एका शब्दाच्या पुनरावृत्तीत सामावले आहे.

शैली बँडची की गीतकाराची, ही शंका येथे रास्त आहे. तिचे उत्तर याच बँडच्या इतिहासात मिळते. १९७९ साली ऑझबर्न बाहेर पडला आणि रॉनी जेम्स डिओ आला. शब्दरचनाही त्याच्याकडे गेली. गिटार तीच, बेस गिटारवर बटलरच, पण १९८० च्या 'हेवन अँड हेल' मध्ये बोलणारा पूर्णपणे वेगळा आहे. डिओचा निवेदक कोणावर आरोप करत नाही. तो प्रकाश आणि अंधार, स्वर्ग आणि नरक अशा द्वंद्वांतून, सूत्रमय वाक्यांतून श्रोत्याला 'तू' म्हणून सावध करतो. बटलरचे शत्रू मंत्रालयात बसलेले असतात. डिओचे शत्रू रूपककथेत राहतात. एकाच बँडमध्ये दहा वर्षांच्या अंतराने घडलेला हा बदल शैलीच्या अभ्यासकाला अनायास मिळालेली कसोटीच होय.

४

आयर्न मेडनचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस हा वृत्तीने बखरकार आहे. इतिहास, काव्य आणि चित्रपट यांतून तो कथानक उचलतो, घटनांचा क्रम राखतो आणि एका ओळीत मावणार नाहीत इतकी अक्षरे तीत बसवतो. कोलरिजच्या १७९८ सालच्या दीर्घ कवितेवर त्याने १९८४ मध्ये तेरा मिनिटांहून मोठे गीत रचले. परंतु तो केवळ रूपांतरकार आहे असे मानणे अन्यायाचे होईल, हे १९८३ च्या 'द ट्रूपर' या गीतावरून दिसते.

क्रिमियन युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा येथे ब्रिटिश घोडदळाने रशियन तोफांवर जो आत्मघातकी हल्ला चढवला, तो या गीताचा विषय. टेनिसनची याच घटनेवरील कविता त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. टेनिसनच्या कवितेत संपूर्ण तुकडी हाच नायक आहे, त्यात कोणी एक माणूस वेगळा दिसत नाही, आणि शेवट गौरवाच्या आवाहनाने होतो. हॅरिस तीच घटना, आणि घोड्याच्या टापांची तीच लयकल्पना घेतो. टेनिसनने ती छंदात आणली, हॅरिसने ती बेस गिटारवर आणली. पण निवेदक त्याने बदलला. येथे एकच घोडेस्वार बोलतो आणि तो राष्ट्राशी न बोलता समोरच्या शत्रूशी बोलतो. दौडीचा वेग जसजसा वाढतो तसतसा गौरव नाहीसा होत जातो. शेवटी तो पडतो, तेव्हा त्याच्याजवळ कोणीही नसते. पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपले नाव गुंफतो. वीर मेला तरी त्याची कथा सांगणारा जिवंत आहे याची ती ग्वाही असते. 'द ट्रूपर' मध्ये अशी ग्वाही नाही, कारण सांगणाराच मेलेला आहे.

हॅरिसची मर्यादा अशी की त्याच्या गीतात संगीताचा आवेश आणि शब्दांतील पराभव यांची फारकत होते. हजारो श्रोते हे गीत मुठी उंचावून गातात, गायक ब्रूस डिकिन्सन मंचावर ब्रिटनचा ध्वज फडकावतो, आणि त्या जल्लोषात घोडेस्वाराचे एकाकी मरण ऐकू न येण्याचा संभव असतो. वीररसाचा पोशाख घातलेला करुण रस ओळखण्याची जबाबदारी येथे श्रोत्यावरच पडते.

५

मेटॅलिकाच्या जेम्स हेटफील्डपाशी येताच भाषा आखूड होते. हॅरिसची वाक्ये कथा सांगतात. हेटफील्डची वाक्ये बहुधा वाक्येच नसतात. कर्ता गळालेला, क्रियापद धातूसाधितावर थांबलेले, शब्द बव्हंशी एकाक्षरी. ही रचना गिटारच्या तुटक आघातांशी जुळते, हे खरे. परंतु तिचे कारण केवळ सांगीतिक नाही. हेटफील्डचे निवेदक हे नेहमी कोणाच्या तरी ताब्यात असलेले असतात. १९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स' मध्ये व्यसनच धनी होऊन व्यसनाधीनाशी बोलते. त्याच संग्रहातील 'डिस्पोझेबल हीरोज' मध्ये सैनिकाचा आवाज आणि त्याला आघाडीवर पाठवणाऱ्या अधिकाऱ्याचा आवाज आलटून पालटून येतात, आणि ध्रुवपद अधिकाऱ्याच्या वाट्याला दिलेले आहे. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते, म्हणजे आज्ञा पुन्हा पुन्हा येते. येथे रचनाच अर्थ बोलते.

१९८८ च्या 'वन' या गीतात ही शैली परिणतीला पोहोचते. डाल्टन ट्रम्बो यांच्या १९३९ सालच्या 'जॉनी गॉट हिज गन' या कादंबरीवर ते आधारलेले आहे. पहिल्या महायुद्धातील जो बोनहॅम हा सैनिक हातपाय, डोळे, कान आणि चेहरा गमावून रुग्णालयात जिवंत राहतो, आणि उशीवर डोके आपटून मोर्सच्या लिपीत संवाद साधू पाहतो. कादंबरीत त्याचा घात तोफगोळ्याने होतो. हेटफील्डच्या गीतात तो भूसुरुंगाने होतो, आणि युद्धाचे नाव कोठेही येत नाही. या लहानशा बदलाने युद्धाची तारीख पुसली जाते. गीताच्या अखेरच्या भागात ढोलांचा यंत्रबंदुकीसारखा मारा सुरू होतो आणि त्यावर एकच क्रियापद वापरून गमावलेल्या इंद्रियांची व अवयवांची यादी येते. ती ऐकताना जाणवते की इतक्या तुटक भाषेत बोलणे ही या माणसाची शैली नसून त्याची अवस्था आहे. ज्याला तोंडच नाही अशा माणसाला हेटफील्डने निवेदक केले आहे.

येथे मोटरहेडच्या लेमीचा उल्लेख आवश्यक आहे. कारण त्याने हेच अंतःस्थान घेऊन अगदी उलट मार्ग पत्करला. १९९१ च्या '१९१६' या गीतात त्याने आपल्या बँडची ओळखच बाजूला ठेवली. गिटारचा गदारोळ नाही, ढोलांचा मारा नाही; संथ सूर आणि एक चरबरीत आवाज. १ जुलै १९१६ रोजी सोमची लढाई सुरू झाली आणि त्या एका दिवसात एकोणीस हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक मारले गेले. लेमीने त्या साली रणांगणावर गेलेला सोळा वर्षांचा मुलगा बोलता केला. भाषा बॅलडची, शब्द शाळकरी, अलंकार जवळपास नाहीत. मुलगा मित्राला बिलगून मरतो आणि पुढे आपली नावे कोणाच्या स्मरणात राहिली नाहीत, हे तोच सांगतो. 'द ट्रूपर' प्रमाणे येथेही निवेदक मृत आहे. फरक एवढाच की लेमीने संगीताला शब्दांच्या विरुद्ध जाऊ दिले नाही. हॅरिसच्या गीताविषयी वर जी शंका घेतली, तिला या गीतात जागाच उरत नाही.

६

खरी अडचण जेफ हॅनमनपाशी येते. स्लेअर या बँडच्या १९८६ च्या 'रेन इन ब्लड' मधील 'एंजल ऑफ डेथ' हे गीत ऑशविट्झच्या छळछावणीत कैद्यांवर अमानुष प्रयोग करणाऱ्या योझेफ मेंगेले या डॉक्टरविषयी आहे. या गीतामुळे कोलंबिया कंपनीने संग्रहाचे वितरण नाकारले, आणि स्लेअरवर नाझी सहानुभूतीचा आरोप दीर्घकाळ होत राहिला. मेंगेले वाईट होता हे उघडच असताना ते गीतात वेगळे सांगण्याची आपल्याला गरज वाटली नाही, असा हॅनमनचा खुलासा होता.

गीतकाराचा खुलासा हा पुरावा मानण्यापूर्वी संहिता पाहावी, हा आपल्या अभ्यासाचा पहिला नियम. संहितेत दोन गोष्टी आढळतात. एक अशी की निषेध तेथे अगदीच नाही असे नाही. खाटीक आणि क्रूरकर्मा या अर्थांची नामे मेंगेलेला लावलेली आहेत. हॅनमनने स्वतःच्या गीताला, ते आहे त्याहून अधिक तटस्थ ठरवले, असे म्हणता येईल. दुसरी अशी की ही निंदाव्यंजक नामेही शस्त्रक्रिया, रसायने आणि शरीरभाग यांच्या अखंड यादीत त्याच वेगाने येतात आणि निघून जातात. त्यांच्यापाशी आवाज थांबत नाही. भाषा रुग्णालयातील नोंदवहीची आहे. निवेदक जणू त्या खोलीतील कारकून आहे. तो लिहितो, पण मान वर करत नाही. मधूनच तो 'तू' म्हणतो आणि श्रोत्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवतो.

हे प्रचारगीत नाही, असे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. छळाच्या यंत्रणेची भाषाच उघडी करणे ही वाङ्मयातील एक मान्य रीत आहे. तरीही प्रस्तुत लेखकाला या गीताची मर्यादा त्याच्या निषेधाच्या अभावात दिसत नाही. ती अन्यत्र दिसते. येथे बळी पडलेल्याला संबोधले जाते, पण बोलू दिले जात नाही. 'वन' मधील मुका माणूस बोलतो. 'एंजल ऑफ डेथ' मधील हजारो माणसे किंचाळतात, पण त्यांतील एकाचेही वाक्य आपल्यापर्यंत पोहोचत नाही. दोन्ही गीते भीषण आहेत. पण एकाने भीषणतेला आतून वाचा दिली आणि दुसऱ्याने तिची बाहेरून मोजदाद केली. या दोन शैलींत निवड करावयाची तर ती पहिलीच्या बाजूने करावी लागेल. आणि ही निवड नैतिक असण्याआधी वाङ्मयीन आहे.

७

हा सारा विचार केवळ वर्गीकरणाच्या हौसेखातर केलेला नाही. निवेदक आणि गीतकार यांची गल्लत केली की काय घडते, याचे दाखले उपलब्ध आहेत. १९ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकेच्या सिनेटसमितीपुढे गीतांतील अश्लीलता व हिंसा यांविषयी सुनावणी झाली. ट्विस्टेड सिस्टर या बँडच्या एका गीतावर लैंगिक अत्याचाराचे वर्णन केल्याचा आरोप होता. ते गीत लिहिणाऱ्या डी स्नायडरने समितीला सांगितले की आपल्या सहकाऱ्याच्या घशावर व्हावयाच्या शस्त्रक्रियेची भीती हा त्या गीताचा विषय आहे. ऑझबर्नच्या १९८० सालच्या 'सुइसाइड सोल्यूशन' या गीतावर तर आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल खटला भरण्यात आला. बॉब डेझ्लीने लिहिलेले हे गीत मद्यपान म्हणजे हळूहळू केलेली आत्महत्या होय, असे सांगते. 'सोल्यूशन' या शब्दाचे उपाय आणि द्रावण असे दोन अर्थ होतात, आणि गीताचा भर दुसऱ्यावर आहे. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९८८ मध्ये दावा फेटाळण्याचा निर्णय कायम केला. आपण ज्या श्लेषाची व्याख्या परीक्षेसाठी पाठ करून घेतो, त्याचे भान न ठेवता तेथे एका गीताला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले.

म्हणून हा प्रश्न हेवी मेटलपुरता राहत नाही. कवितेतील 'मी' म्हणजे कवी नव्हे, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकवतो. परंतु ते तत्त्व प्रतिष्ठित कवितेवरच चालवून दाखवतो, जेथे कवीवर खटला भरण्याची कोणाची इच्छाच नसते. तत्त्वाची परीक्षा अप्रिय संहितेवर होते. व्यसनाने धनी होऊन बोलावे, मेलेल्या घोडेस्वाराने आपल्या मरणाची हकीकत सांगावी, छळछावणीतील कारकुनाने मान खाली घालून नोंदी कराव्या, अशा ठिकाणी निवेदकाचे स्थान ओळखणारा विद्यार्थी ते मर्ढेकरांच्या कवितेतही ओळखेल, आणि उद्याच्या एखाद्या वादग्रस्त मराठी कवितेतही.

ही गीते अभ्यासक्रमात लावावीत असा येथे आग्रह नाही. ती थोर काव्य आहेत असाही दावा नाही. त्यांतील कित्येक सामान्य आहेत, आणि वर चर्चिलेल्या गीतकारांचेही सारेच लेखन या उंचीचे नाही. परंतु 'सगळे सारखेच' हे विधान वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या तोंडी शोभत नाही. ते न वाचता केलेले विधान असते. युद्ध हा एकच विषय, आणि त्यावर बोलणारे पाच जण : प्रवचनकार, बखरकार, जखमी, मृत मुलगा आणि कारकून. इतके भिन्न निवेदक ज्या गीतप्रकाराने निर्माण केले, त्याला शैली नाही असे म्हणणे म्हणजे आपल्याच शास्त्राचा वापर करण्यास नकार देणे होय.